किस्सा संपू द्या, मग कामाचं विचारा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ऐंशीच्या दशकातल्या हार्ड रॉक आणि ग्लॅम मेटलवाल्यांना (केस फुगवून, झगमगीत कपड्यांत वाजवणारे रॉक बँड) त्यांच्या कारकिर्दीबद्दल बोलतं करायचंय, त्याचा पॉडकास्ट करायचाय. तीन मुलाखती झाल्या. तिन्हींत हॉटेलच्या खिडकीतून फेकलेला टीव्ही, दारू, पोरी आणि शेवटी ‘मग निर्वाणा (नव्वदीच्या सुरुवातीचा, नव्या ‘ग्रंज’ लाटेतला बँड) आलं आणि एका रात्रीत आमचं दुकान बंद झालं’. माणसं भरभरून बोलतात, पण ऐकून झालं की हाती काहीच उरत नाही. कुठे चुकतंय?

तुमचं फारसं चुकत नाहीये. तुम्हाला मिळालं ते आख्यान होतं. साठी-सत्तरीतली ही मंडळी चाळीस वर्षं तेच पंधरा-वीस किस्से सांगताहेत. नवा अल्बम किंवा दौरा आला की प्रसिद्धी सांभाळणारी व्यक्ती एका दिवसात सात-आठ ‘फोनर’, म्हणजे फोनवरच्या मुलाखती, लावते, प्रत्येकाला वीस मिनिटं. कीर्तनकार झोपेतून उठूनही सुदाम्याचे पोहे सांगेल, तसा हा माणूस झोपेतही टीव्ही फेकू शकतो. कुठे थांबायचं, कुठे हशा येतो, सगळं बसलेलं असतं. खोटंच असतं असं नाही. घासून घासून गुळगुळीत झालेलं असतं, इतकंच.

मी हे काम वीसेक वर्षं करतोय. सुरुवातीला मी ‘हे ऐकलंय’ म्हणून किस्सा मध्येच तोडायचो आणि समोरचा मिटून जायचा. तो किस्सा म्हणजे त्याची दाराशी केलेली विचारपूस असते, ती झाल्याशिवाय तो घरात घेत नाही. तेव्हा किस्सा पुरा होऊ द्या, मनापासून हसा आणि मग त्याच्या कडेचं काहीतरी विचारा. एका गिटारवादकाला मी विचारलं, ‘त्या टीव्हीचे पैसे कोणी भरले?’ तो थबकला. मग म्हणाला, दौऱ्याचा हिशेब ठेवणाऱ्यानं ते आमच्याच खात्यातून वळते केले, आणि मला ते कळलं चार वर्षांनी, वकिलानं कागद काढले तेव्हा. पुढची चाळीस मिनिटं तो फक्त पैशांबद्दल बोलला. टीव्ही पुन्हा आला नाही.

पैशांचा भाग तुम्हाला आधी नीट समजला पाहिजे, नाहीतर समोरच्याचं बोलणं डोक्यावरून जाईल. रेकॉर्ड कंपनी उचल द्यायची, ऊसतोडीच्या टोळीला मुकादम देतो तशीच. अल्बम ध्वनिमुद्रित करायचा खर्च, दौऱ्यासाठी दिलेली मदत, बहुतेक करारांत व्हिडिओचा निम्मा खर्च, हे सगळं बँडच्या रॉयल्टीतून आधी कापलं जायचं. आणि १ ऑगस्ट १९८१ ला एमटीव्ही सुरू झाल्यावर व्हिडिओ हा या लोकांचा श्वासच झाला. म्हणजे जितकं झगमगीत दिसायचं, तितकं देणं वाढायचं. दहा लाख प्रती खपल्याची प्लॅटिनम तबकडी भिंतीवर आणि खात्यात वजाबाकी, ही स्थिती मी एकापेक्षा जास्त जणांच्या तोंडून ऐकली आहे. गाणं लिहिणाऱ्याचे पैसे मात्र वेगळ्या वाटेनं येतात आणि त्या वाटेवर कंपनीची उचल सहसा आडवी येत नाही. म्हणून मुलाखतीआधी अल्बमचं वेष्टन उलटं करा आणि बारीक अक्षरं वाचा. कोणत्या गाण्यावर कोणाचं नाव आहे, यावरून त्या बँडमध्ये आज कोणाचं घर मोठं आहे आणि कोण कोणाशी बोलत नाही, याचा बराचसा अंदाज येतो.

क्वायट रायट या बँडचं उदाहरण घ्या. त्यांचा ‘मेटल हेल्थ’ हा अल्बम १९८३ च्या मार्चमध्ये आला आणि नोव्हेंबरमध्ये अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचला. हेवी मेटलचा तिथे पोहोचलेला तो पहिला अल्बम मानतात. पण त्याला वर ओढणारं ‘कम ऑन फील द नॉइझ’ त्यांचं नव्हतंच. ते स्लेड या इंग्रज बँडचं १९७३ सालचं गाणं. म्हणजे रेडिओवर ते लागलं की गीतकारांचा वाटा इंग्लंडला, नॉडी होल्डर आणि जिम ली यांच्याकडे. बँडला ते गाणं करायचंच नव्हतं. मुद्दाम सराव न करता, बिघडावं म्हणूनच वाजवायला घेतलं आणि ते चांगलं झालं, असं ड्रमर फ्रँकी बनाली सांगायचा. हा किस्सा सगळ्यांना माहीत आहे. त्याच्या कडेचा प्रश्न असा: पुढच्या अल्बमला तुम्ही पुन्हा स्लेडचंच गाणं घेतलंत, ती बैठक कुठे झाली आणि खोलीत कोण कोण होतं? बनाली २०२० साली गेला, गायक केव्हिन डब्रो त्याआधीच, २००७ मध्ये. त्या खोलीतली माणसं कमी होत चालली आहेत, म्हणूनही तुमचं काम मला महत्त्वाचं वाटतं.

‘रातोरात’ हा शब्द आला की पेन खाली ठेवा आणि तारखा काढा. ट्विस्टेड सिस्टर या बँडचं नाव जगभर झालं ते १९८४ च्या ‘स्टे हंग्री’ या अल्बममुळे, पण गायक डी स्नायडर बँडमध्ये आला १९७६ साली. मधली आठ वर्षं न्यूयॉर्क-न्यूजर्सीकडच्या बारमध्ये. आठवड्याला किती प्रयोग, एका रात्री किती तास, गाडी कोण चालवायचं, दुसऱ्या दिवशी आवाज कसा टिकायचा? आपल्याकडे नाटकवाल्याला ‘नाइट किती मिळायची?’ विचारलं की तो पन्नास वर्षांपूर्वीचा आकडाही बरोबर सांगतो. हेही तसेच आहेत. पहिल्या बारमधली रात्रीची कमाई बहुतेकांना पाठ असते. प्लॅटिनमनंतरचे आकडे मात्र आठवत नाहीत, कारण ते त्यांच्या हातात कधी आलेच नाहीत.

स्नायडरवरून आणखी एक. १९ सप्टेंबर १९८५ रोजी अमेरिकी सिनेटच्या समितीसमोर, गाण्यांच्या शब्दांवर इशारा-पट्ट्या लावाव्यात का या सुनावणीत, तो साक्ष द्यायला उभा राहिला. फ्रँक झॅपा आणि जॉन डेन्व्हर हे गायक-संगीतकारही त्याच दिवशी बोलले. स्नायडर डेनिममध्ये आला, घडी घातलेला कागद खिशातून काढला आणि सांगितलं की मी ख्रिस्ती आहे, सिगरेट ओढत नाही, दारू पीत नाही, अमली पदार्थ घेत नाही. अशी सार्वजनिक नोंद आधी वाचून गेलात, तर ‘तुमच्या काळातली धमाल सांगा’ असं तुम्ही त्याला विचारणार नाही. त्या वेषभूषेमागे संसारी, काटेकोर, शिस्तीचा माणूस असण्याची शक्यता तुम्ही धरून चालाल. असे बरेच होते. जे नव्हते, त्यांच्यातले बरेच आता मुलाखत द्यायला उरलेले नाहीत.

लॉस एंजेलिसच्या सनसेट स्ट्रिप या रस्त्याबद्दल विचारायचं तर व्हिस्की, रॉक्सी, गझारीज, रेनबो ही तिथल्या क्लब-बारची नावं ते स्वतःच घेतील. तुम्ही तिकिटांचं विचारा. ऐंशीच्या दशकात तिथे एक रीत पडली होती: नव्या बँडनं आयोजकाकडून आपल्याच प्रयोगाची तिकिटं रोख देऊन आधी उचलायची आणि फुटपाथवर उभं राहून ती विकायची. विकली नाहीत तर खड्डा बँडला. वाजवणाऱ्यानं वाजवण्यासाठी पैसे मोजायचे. पॉयझन हा बँड पेनसिल्व्हेनियातून तिथे आला १९८४ च्या सुमाराला. खांबाखांबावर पत्रकं चिकटवण्यात ते कोणाला हार जात नसत. मॉटली क्रू या बँडचा १९८१ चा पहिला अल्बम तर त्यांच्या स्वतःच्याच लेबलवर आला, मोठी कंपनी नंतर. हे सगळं ऐकताना मला आपल्या होतकरू नाट्यसंस्था आठवतात. केसांचा फुगारा सोडा, कष्ट तेच. ‘ती तिकिटं शेवटी कोणी घेतली?’ असं विचारलं की आई, मावशी, मैत्रीण, दुकानाचा मालक अशी खरी माणसं गोष्टीत यायला लागतात. एका बासवादकाच्या आईनं घेतलेली अकरा तिकिटं अजून घरात आहेत, न वापरलेली.

आता तो ‘निर्वाणानं संपवलं’वाला भाग. इथे मी थोडा हट्टी आहे. निर्वाणाचा अल्बम ‘नेव्हरमाइंड’ आला २४ सप्टेंबर १९९१ ला आणि पहिल्या क्रमांकावर गेला जानेवारी १९९२ मध्ये. हे खरं. पण त्याच जानेवारीत अमेरिकन म्युझिक अवॉर्ड्समध्ये हार्ड रॉक-मेटलचा नवा कलाकार म्हणून कोण निवडलं गेलं? फायरहाउस, जुन्याच पठडीतला बँड! निर्वाणा आणि अ‍ॅलिस इन चेन्स या नव्या लाटेतल्या बँडना मागे टाकून. त्याआधी सातच महिने, जून १९९१ मध्ये, जुन्याच पठडीतल्या स्किड रोचा ‘स्लेव्ह टू द ग्राइंड’ हा अल्बम थेट पहिल्या क्रमांकावर उतरला होता, तेही दुकानांतली खरी विक्री मोजण्याची नवी पद्धत सुरू झाल्यानंतर. म्हणजे लोकांचं मन एका रात्रीत फिरलं, हे आकड्यांत दिसत नाही. मला जे दिसतं ते असं: कंपन्यांनी एकासारखे एक डझनावारी बँड घेऊन ठेवले होते, बाजार आधीच तुंबला होता, आणि वारा फिरताच सगळ्यात आधी फिरली ती कंपन्यांच्या कचेरीतली माणसं. वॉरंट या बँडचा गायक जॅनी लेन सांगायचा की कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीच्या कचेरीत स्वागतकक्षात त्यांच्या बँडचं भलंमोठं चित्र असायचं. एके दिवशी गेला तर तिथे अ‍ॅलिस इन चेन्स. प्रेक्षक दूर जाण्याआधी भिंत बदलली होती.

म्हणून ‘निर्वाणा आल्यावर काय वाटलं?’ हा प्रश्न टाकून द्या. त्याऐवजी विचारा, ‘तुमचे फोन उचलणं पहिल्यांदा कोणी बंद केलं?’ उत्तर माणसागणिक बदलतं. गायक निर्वाणाचंच नाव घेतो. ड्रमर सांगतो की दोन ट्रक होते, त्याचा एक झाला. ध्वनी सांभाळणारा म्हणतो, जेवणाचं टेबल लहान झालं तेव्हाच कळलं. तांत्रिक माणसांना विसरू नका. त्यांची आठवण गायकापेक्षा पक्की असते आणि त्यांची मुलाखत कोणी घेतलेली नसते.

यात आपल्याला एक गैरसोय आहे आणि तीच थोडी सोयही. आपल्याकडे स्टार टीव्हीबरोबर एमटीव्ही दिसू लागला तो १९९१ च्या अखेरीस. माझ्या पिढीनं घरबसल्या वॉरंट आणि निर्वाणा जवळजवळ एकदमच पाहिले. एक जातोय आणि दुसरा येतोय, हे आम्हाला कळलंच नाही. दोन्हींच्या कॅसेटी एकाच खोक्यात असायच्या. मी हे सांगतो तेव्हा अमेरिकी वादकांचा आवाज बदलतो, कारण त्यांना पहिल्यांदाच असा कोणी भेटतो ज्याच्यासाठी त्यांची हार झालेलीच नाही. फायरहाउसला ते चांगलं माहीत होतं. २००४ च्या डिसेंबरात ते शिलाँग, दिमापूर, आयझॉलला वाजवून गेले. त्यांच्या देशात त्यांना कोणी विचारत नव्हतं तेव्हा ईशान्य भारतात त्यांची गाणी पोरांना तोंडपाठ होती. गायक सी. जे. स्नेअर २०२४ मध्ये गेला. ईशान्येच्या त्या दौऱ्याबद्दल त्याला विचारायचं माझ्याकडून राहून गेलं.

मधली वर्षं, साधारण १९९३ ते २०००, ही खाण आहे आणि तिथे कोणी खणत नाही. बायोडेटा तिथून उडी मारून थेट पुनर्मीलनाच्या दौऱ्यावर जातो. त्या काळात कोणी घरं रंगवली, कोणी गिटारचे वर्ग घेतले, कोणी परत शाळेत गेलं. विंगर या बँडचा किप विंगर हा त्यातला ठळक माणूस. मेटॅलिका या बँडच्या एका व्हिडिओत त्याच्या चित्रावर खेळातले डार्ट मारलेले दिसतात. एका कार्टून मालिकेत त्यांच्या बँडचा टीशर्ट घालणारा पोरगा म्हणजे टिंगलीचा विषय. तो बँड वाजवायला सोपा नव्हता, हे कोणीही गिटारवाला सांगेल. पण टवाळीला उत्तर नसतं. विंगर पुढे वाद्यवृंदासाठी लिहू लागला आणि त्याच्या सिंफनी रचनांना ग्रॅमीचं नामांकनही मिळालं. त्याला कार्टूनबद्दल हजारांनी विचारलंय. ऑर्केस्ट्रेशन शिकायला बसला तो पहिला महिना कसा गेला, हे विचारणारे थोडेच. (असं विचारायचं तर तुम्हाला स्वतःला थोडं स्वरलेखन यायला हवं. नाहीतर ‘वा, छान’ यापुढे जाता येत नाही. माझी अशी फजिती झाली आहे.)

शरीराबद्दल विचारा, आणि ते कामाचं हत्यार म्हणून विचारा, कीव म्हणून नको. मॉटली क्रूचा मिक मार्स कण्याच्या संधिवाताचा असाध्य आजार घेऊन चार दशकं गिटार गळ्यात अडकवून उभा राहिला आणि २०२२ मध्ये दौऱ्यांतून थांबला. सिंड्रेला बँडचा गायक टॉम कीफर याच्या स्वरतंतूला १९९१ मध्ये अर्धवट लकवा झाला. शस्त्रक्रिया आणि वर्षानुवर्षांचा रियाज करून तो परत गायला लागला. डेफ लेपर्डचा ड्रमर रिक अ‍ॅलन १९८४ च्या शेवटच्या दिवशी अपघातात डावा हात गमावून बसला, आणि त्या हाताचं काम डाव्या पायानं पेडलवर करून १९८६ च्या ऑगस्टमध्ये डॉनिंग्टनच्या मैदानात वाजवत होता. ‘खचला नाहीत कसे?’ हे कृपया विचारू नका. कोणता ठोका कोणत्या पेडलवर आणि तो बसायला किती दिवस लागले, हे विचारा. खचण्याचं उत्तर त्यातूनच निघतं आणि ते सांगताना माणूस रडवेला होत नाही. ऐकू कमी येतंय का, हेही विचारा. बहुतेकांना येतंच.

मृत्यू आणि व्यसन यांचा विषय मात्र रेकॉर्डिंग सुरू करण्याआधी परवानगी घेऊनच काढायचा. ग्रेट व्हाइट या बँडच्या कोणाशी बोलणार असाल तर २० फेब्रुवारी २००३ टाळता येणार नाही: ऱ्होड आयलंडमधला स्टेशन नाइटक्लब, मंचावरच्या फटाक्यांनी भिंतीवरच्या फोमनं पेट घेतला, १०० माणसं गेली, त्यात बँडचा गिटारवादक टाय लाँगलीही. अशा वेळी मी आधीच सांगतो की हे मी विचारणार आहे, शेवटी विचारणार आहे, आणि ‘नाही’ म्हटलंत तर मुलाखतीत त्याचा उल्लेखही करणार नाही. तसा शब्द एकदा दिला आणि पाळला, संपादक वैतागला. वैतागू दे.

संकलनाचाही मोह आवरा. १९८८ साली पेनेलोपी स्फीरिस यांच्या मेटलवरच्या माहितीपटात डब्ल्यू. ए. एस. पी. या बँडचा गिटारवादक ख्रिस होम्स पोहण्याच्या तलावात तरंगत व्होडका पितो आणि काठावर त्याची आई बसलेली असते. त्या काही मिनिटांनी त्याच्या पुढच्या आयुष्यावर शिक्का मारला. आजही त्याचं नाव घेतलं की लोकांना तो तलाव आठवतो, गिटार नाही. त्याच चित्रपटात गायक ऑझी ऑस्बर्न थरथरत्या हातानं संत्र्याचा रस ओतताना सांडतो. तो सांडलेला रस बनवलेला होता, हे स्फीरिस यांनीच नंतर सांगितलं. चित्रपट जबरदस्त आहे, मी अनेकदा पाहिलाय. पण तुमच्या श्रोत्याला तो सांडलेला रसच लक्षात राहणार, हे कात्री चालवताना ध्यानात असू द्या.

बायकांबद्दल दोन वाक्यं. व्हिक्सन या बायकांच्या बँडला किंवा गिटारवादक लिटा फोर्डला ‘पुरुषांच्या क्षेत्रात कसं वाटलं’ हे विचारणारे तुम्ही दहा हजारावे असाल, गिटारचं विचारा. आणि पुरुष वादक पोरींचे किस्से सांगत असतील तर त्यांच्याबरोबर खिदळू नका. त्या पोरींची वयं विचारली की कधी कधी हशा जागीच थांबतो, आणि तो थांबलेला हशा मी कापत नाही.

व्यवहाराचं एकच सांगतो, कारण मी त्यात आपटलोय. लॉस एंजेलिस आपल्या मागे उन्हाळ्यात साडेबारा तास असतं आणि हिवाळ्यात साडेतेरा. नोव्हेंबरच्या सुरुवातीला त्यांची घड्याळं बदलतात. मी ते विसरलो, एक तास आधी फोन लावला, आणि एका नामांकित गायकाला अंघोळीतून बाहेर काढलं. त्यानं शिव्या दिल्या नाहीत, पण वीसची बारा मिनिटं झाली.

आणि एवढ्या लांब जाण्याआधी इथल्यांशी बोला. रॉक मशीन हा बँड मुंबईत १९८४ साली उभा राहिला, १९९३ मध्ये त्याचं इंडस क्रीड झालं; उदय बेनेगल, महेश तिनईकर ही त्यातली नावं. धोबी तलावच्या रंगभवनात इंडिपेंडन्स रॉक हा रॉक महोत्सव ज्यांनी पाहिला, त्यांना अंगावर आलेला तो आवाज अजून आठवतो. पुढे ती जागा शांतता क्षेत्रात आली आणि बंदच झाली. परदेशी अ‍ॅम्प मिळत नव्हते तेव्हा तो आवाज काढला कसा, स्ट्रिंगा कोण आणून द्यायचं, ध्वनियंत्रणा कोणाची होती, या प्रश्नांवर तुमचा हात बसेल, आणि भाषेची अडचणही नाही.

शेवटी मी नेहमी एकच विचारतो. मॉटली क्रूनं २०१४ मध्ये दौरे थांबवण्याच्या करारावर जाहीरपणे सह्या केल्या, ३१ डिसेंबर २०१५ ला शेवटचा प्रयोग केला आणि २०१९ मध्ये तो करार मोडून परत यायचं जाहीर केलं. तेव्हापासून ‘निवृत्त होणार का?’ या प्रश्नाला माझ्या लेखी अर्थ उरलेला नाही. मी विचारतो, शेवटच्या प्रयोगाच्या दुसऱ्या दिवशी काय केलंत? एका ड्रमरनं सांगितलं की सकाळ बरी गेली, दुपारही. रात्री नऊ वाजले आणि त्याचे हात शिवशिवायला लागले, प्रयोगाची वेळ झालेली. बायकोनं त्याला गॅरेज आवरायला लावलं. ते गॅरेज सहा आठवड्यांत चार वेळा आवरून झालं, म्हणाला. पाचव्यांदा तिनंच शेजारच्या पबवाल्याला फोन केला की तुमच्याकडे गुरुवारी कोणी वाजवतं का.